आधी आवाज, मग चित्र

आमच्या घरात सिनेमा मुका असायचा. डहाणू रोडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो, मी, आई आणि बाबा, आणि दोन खोल्यांपैकी आतली खोली दिवसभर बाबांच्या झोपेची असायची. बाबा स्टेशनात रात्रपाळी करायचे. सकाळी यायचे, आंघोळ करायचे, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खायचे आणि तोंडावर टॉवेल टाकून भर उजेडात झोपायचे. गंमत म्हणजे खिडकीखालून मालगाडी धडधडत गेली तरी त्यांची कूस बदलायची नाही, पण स्वयंपाकघरात चमचा पडला की आतून आवाज यायचा, "कोण आहे रे तिकडे?" त्यामुळे आई कुकर लावायचीच नाही. डाळ टोपात शिजायची, वाटण पाट्यावर हळूहळू वाटलं जायचं, आणि माझ्या पायांतली पैंजणं मी दुसरीत असतानाच डब्यात गेली. शेजारच्या बायका विचारायच्या, घरात कुणी आजारी आहे का? आई म्हणायची, "नाही हो, रेल्वे झोपलीय."

टीव्ही बाहेरच्या खोलीत होता. तो लावायला मनाई नव्हती, फक्त आवाज शून्यावर. दुपारची भांडी झाली की आई परात घेऊन चिकू चिरायला बसायची. घोलवडला तिच्या मैत्रिणीची वाडी होती, तिथून डागी चिकू पिशवीभर यायचे, त्यांच्या फोडी करून ती सुकवायची. घरभर तो गोडसर, जरा आंबूस वास, पंख्याची घरघर, आतून बाबांचं घोरणं, आणि समोर टीव्हीवर तोंडं हलवणारी माणसं. आईला घरगुती मालिका आवडत नसत. "त्यात काय बघायचं? ते तर माझ्या घरात चालूच आहे," म्हणायची. तिला आवडायचे परदेशी सिनेमे, अंतराळातले, यंत्रमानवांचे, कुठल्याशा प्रयोगशाळेतून काहीतरी निसटल्याचे. ऐकू तर काहीच यायचं नाही, मग डब केलेला काय न् न केलेला काय! चिकू चिरता चिरता ती माझ्या कानाशी कुजबुजत गोष्ट सांगायची, आणि ती गोष्ट तिची तिलाच तिथल्या तिथे सुचत असायची. "हा बघ, याचं तोंड अजून दाखवत नाहीत. नुसते बूट दाखवतायत. म्हणजे हाच." किंवा, "ती बाई मागं वळून बघतेय, पण कॅमेरा वळत नाही. म्हणजे मागं काहीतरी आहे, आणि ते आपल्याला आत्ताच कळू द्यायचं नाहीये." मी हळूच विचारायची, तुला कसं कळतं? तर म्हणायची, "सुरुवात नीट बघितली ना, की सगळं कळतं. सुरुवातीतच सांगून टाकतात मेले, फक्त समजू देत नाहीत."

एका सिनेमाची सुरुवात तर आम्ही कितीदा पाहिली असेल. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. आधी बराच वेळ काळा पडदा. मग अगदी जवळून, एक हात काचेवरचं बर्फाचं पातळ पांघरूण पुसतोय. नुसता हात. कुणाचा, कुठे, काही नाही. मग काचेवर उमटलेला श्वास. मग कॅमेरा मागे सरकायला लागतो, सावकाश, इतका सावकाश की आई तेवढ्यात एक चिकू चिरून संपवायची, आणि हळूहळू कळतं की बाई एका छोट्याशा पेटीसारख्या घरात आहे आणि चारी बाजूंना नुसता पांढरा माळ, दूरवर कुणी नाही. आणि मग, आपण एवढे लांब आलोय आणि सुटलो असं वाटत असतानाच, एकदम परत काचेजवळ. पुसलेल्या जागी बाहेरच्या बाजूनं दुसरा पंजा टेकलेला. आई दर वेळी सुरी थांबवायची. दर वेळी! "एवढंसं दाखवून केवढं लपवलं बघ," म्हणायची. आणि तो सुरुवातीचा काळा पडदा आला की मात्र तिला वाटायचं टीव्ही बिघडला. उठून टीव्हीच्या डोक्यावर हलकेच, बाबांना ऐकू जाणार नाही अशी, एक थाप मारायची. थोड्या वेळानं चित्र आलंच की समाधानानं परत येऊन बसायची.

त्या थापेचा उलगडा मी कॉलेजात गेल्यावर झाला. एका मैत्रिणीच्या फोनवर, कानात इअरफोन घालून, मी पहिल्यांदा तोच सिनेमा आवाजासकट लावला. काळा पडदा आला आणि माझ्या मानेवर काटा उभा राहिला. कारण तो काळा नव्हताच! त्यात आवाज होता. खूप खालून येणारा, गुरगुरल्यासारखा, सगळ्या अंगात भरत जाणारा. डोळ्यांना काही द्यायच्या आधी त्यांनी कानाला धरलं होतं, आणि नंतर तो साधा हात दिसला तेव्हा मी आधीच घाबरलेली होते. मग कॅमेरा मागे जाताना तो आवाजही विरळ होत जातो, आपण निवांत होतो, आणि पंजा दिसतो त्या क्षणी? काहीच नाही. ठार शांतता. मी पळतच घरी आले आणि दारातूनच, कुजबुजत, आईला सांगितलं, "आई, तो बिघाड नव्हता. तिथं आवाज होता." आई परातीवरून मान वर करून बघत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी त्या टीव्हीला उगाच मारलं?"

आता माझ्या उजव्या कानाला कमी ऐकू येतं. रात्रंदिवस दुसऱ्यांच्या सिनेमांना आवाज लावून कान झिजले, डॉक्टर म्हणतात विश्रांती द्या. पण डोळे मिटले की त्या क्वार्टरची शांतता मला अजून जशीच्या तशी ऐकू येते, पंख्यासकट आणि सुरीसकट. मुक्या घरात वाढले म्हणून मला आवाजाची भूक लागली असं मी मुलाखतीत सांगते. ते खरंच आहे. पण पोट भरायला शिकवलं ते तलासरीच्या एका पोरीनं, आणि ते मी मुलाखतीत सांगत नाही, कारण ते सांगायला इतका वेळ लागतो.

माझी आत्या तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर राहायची. तिचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, अच्छाडच्या नाक्याजवळ ट्रकचे पंक्चर काढायचे आणि पावसाळ्यात भाताची शेती करायचे. त्यांना एकच मुलगी, तनू, मी कॉलेजात होते तेव्हा ती पाचवीत होती. काळीसावळी, काटकुळी आणि जिभेला हाड नसलेली. सुट्टीत आम्ही गेलो की आत्या वालाचं बिरडं आणि भाकऱ्या करायची आणि जेवताना मी नेहमी तिच्या मांडणीसमोर बसायची. आमच्या घरात भांडी कापडात गुंडाळून ठेवलेली, आणि इथे भिंतभर लाकडी मांडणी, खाली हंडे, मध्ये ताटं, वर वाट्या आणि पेले ओळीनं, चुलीच्या उजेडात लखलखणारे. आत्या घासून घासून त्यांत तोंड दिसेल असं ठेवायची. तनू म्हणायची, "आई माझ्यापेक्षा भांड्यांची जास्त वेणीफणी करते."

त्या हिवाळ्यात तलासरीकडची जमीन हलायला लागली. आमच्याकडे डहाणूतही जाणवायचं, पण पाड्यावर ते रोजचं झालं. आधी आवाज यायचा, मग हादरा. माणसं बाहेर पळायची, कापडी तंबू बांधून तिथंच राहायची. आत्याच्या घराची विटांची एक भिंत वरपासून खालपर्यंत तडकली आणि ती नेमकी तनूच्या अंथरुणाच्या उशाशी होती. पोरीला लागलं काही नाही. पण त्या दिवसापासून ती छपराखाली जायची बंद झाली. कुठल्याच. शाळेत गुरुजी बिचारे भले, तिला खिडकीबाहेर बसू द्यायचे आणि ती खिडकीच्या गजांतून फळा बघून लिहायची. जेवण तंबूच्या दाराशी. मामांनी तडकलेली भिंत पाडून टाकली, कारवीच्या काठ्यांचा कूड घातला, वरून शेणमाती लिंपली, छप्पर हलकं केलं. "आता पडलं तरी अंगावर काय पडणार, काटक्या?" ते तिला समजवायचे. बाकीचे हळूहळू घरात यायला लागले. तनू नाही.

मी गेले तेव्हा मामांचा निर्णय झाला होता. पाऊस लागायच्या आत ही घरात आली नाही, तर तिला नंदुरबारकडे त्यांच्या बहिणीकडे ठेवायचं. तिथली जमीन गप्प होती. तंबूत पावसाळा निघणार नव्हता हे तर उघडच होतं. आत्या हे सांगताना रडली आणि रडतारडता चुलीत लाकडं खुपसत राहिली. तनू बाहेर ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती.

"मला नाय जायचं नंदुरबारला," ती बाहेरूनच ओरडली.

"मग घरात ये," आत्या.

"घरात पन नाय."

मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली की काय करावं सुचेना. मी तिच्या पायरीवर जाऊन बसले आणि तिच्या डोक्यात टपली मारली. ती म्हणाली, "ताई, तू पन आत ये म्हनायला आलीस ना?" मी म्हटलं, "छे. मी तुला सिनेमात घ्यायला आलेय." खोटं नव्हतं ते. आमच्या कॉलेजच्या संमेलनात एक स्पर्धा होती, अख्खा सिनेमा नाही, सिनेमाची फक्त सुरुवात करायची, तीन मिनिटांची. मी विज्ञानाचा थरारपट करायचा ठरवला होता. बाबांना सांगितलं तर ते टॉवेलखालून म्हणाले, "आवाज करायला शिकायला कॉलेज लागतं का? पोरं जन्मतःच शिकून येतात." पण मला आत कुठेतरी वाटत होतं की ही पोरगी कॅमेऱ्यामागे धावता धावता एखाद्या छपराखाली येईल. नाही आली तरी नंदुरबारला जायच्या आधी आमच्याकडे तिचं काहीतरी राहील.

गोष्ट अशी होती की जमिनीखालून कुणीतरी हाका मारतंय आणि त्या एका मुलीलाच ऐकू येतात. बस्स, इतकंच. सुरुवातीला त्याहून जास्त लागत नाही. आईला बरोबर घेतलं, डबे बांधून एसटीनं पाड्यावर गेलो आणि कामाला लागलो. पहिलं चित्र तनूच्या कानाचं. चेहरा नाही, डोळे नाहीत, फक्त कान, त्यातलं चांदीचं बारीक डूल, आणि मागं धुकट हिरवं काहीतरी. आई माझ्या मागं उभी राहून सवयीनं कुजबुजत होती, "तोंड दाखवू नकोस गं, एवढ्यात दाखवू नकोस." मग घोलवडच्या वाडीत जाऊन चिकू खाली पडताना घेतले आणि फोनवर ते उलटे फिरवले. जमिनीवरचे चिकू अलगद उचलले जातात आणि फांदीला जाऊन चिकटतात. तनूनं ते परत परत लावायला लावलं. "सगळं असं परत जाऊन लागलं तर काय मज्जा," ती म्हणाली. अंधार हवा होता, म्हणून भर दुपारी फोनचा उजेड कमी केला, समोर निळा जिलेटिनचा कागद धरला, आणि उन्हात उभी असलेली पोर चांदण्यात उभी दिसायला लागली. मला ती दुपार अजून स्वप्नात येते. निळं ऊन, ताडाची निळी झाडं, वाळत घातलेल्या निळ्या चादरी, आणि त्यांच्यातून अनवाणी चालत येणारी तनू.

शेवटचं चित्र दाराचं. मुलगी चालत येते, कॅमेरा तिच्या पाठीमागून, आपल्याला तिची वेणी आणि पुढचं दार एवढंच दिसतं. दार म्हणजे आत्याच्याच घराचं. ती कडीवर हात ठेवते, दाराखालून निळा उजेड येतो, आणि काळा पडदा. आत काय आहे ते दाखवायचंच नाही. सगळ्यांना वाटलं मी मोठी हुशारी केली. खरी गोष्ट अशी की तनू कडीला हात लावायलाच कशीबशी तयार झाली होती, आत जायचं नाव काढलं असतं तर कडीही गेली असती.

आणि आवाज. तो मला फोनमधला तयार नको होता. आमच्या शेजारच्या काकू डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात कामाला होत्या, त्यांनी मोठ्या फुग्यांतले फुटके मला आणून दिले होते. आत्याचं पाण्याचं निळं पिंप रिकामं केलं, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत सोडला, पिंपाच्या तोंडावर रबर ताणून बांधलं, आणि ओलं बोट रबरावरून ओढलं. आतून जो आवाज आला त्यानं तनू थेट आंब्याच्या झाडापर्यंत पळाली. मी हाक मारली नाही. मी पुन्हा बोट ओढलं, पुन्हा, आणि गुणगुणत राहिले. थोड्या वेळानं ती जवळ आली. मग पिंपावर वाकली. मग म्हणाली, "सरक." तिचं बोट माझ्याहून बारीक होतं, दाब हलका होता, आणि तिनं काढलेला आवाज माझ्यापेक्षा कितीतरी खोल आला, थांबत थांबत, श्वास घेतल्यासारखा. ती जीभ बाहेर काढून, डोळे मिटून ओढत होती. तोच आवाज मी ठेवला. काळ्या पडद्यावर, अगदी पहिल्यांदा, चित्राच्या आधी.

आई म्हणाली, "ज्यांनी काम केलं त्यांना आधी दाखव, मग तुझ्या कॉलेजला." पाड्यावर समाजमंदिर म्हणजे वर पत्रे आणि तिन्ही बाजू उघड्या अशी शेड होती, त्यामुळे लोक तिथं यायला कुरकुरत नव्हते. कॉलेजमधून प्रोजेक्टर आणला, आणि तलासरीत लग्नांना डीजे लावणारा जिग्नेश त्याचे काळे बॉक्स टेम्पोतून घेऊन आला. मी म्हटलं, भाऊ, आवाज लहानच ठेवा हां. तो हसला, "बेन, टेन्शन नको घेऊ. माझा बेस फर्स्ट क्लास आहे." तिन्हीसांजेला सगळा पाडा जमला. म्हातारे, कडेवरची पोरं, मामा, आत्या, त्या दिवशी सुट्टी घेतलेले बाबा. तनू नेहमीप्रमाणे शेडच्या बाहेर, शेवटच्या पायरीवर. एक पाय पायरीवर, एक मातीत. मी तिला बोलावलं नाही.

दिवे गेले. पडदा काळा. आणि आवाज सुरू झाला. आता हे समजून घ्या की तो आवाज मी तोपर्यंत फोनवरच ऐकला होता, इअरफोनमधून, म्हणजे डास गुणगुणल्याएवढा. जिग्नेशच्या बॉक्समधून तो आला तेव्हा पायाखालची लादी थरथरली, वरचे पत्रे थरथरले, माझ्या छातीतलं हाड थरथरलं. कुणीतरी किंचाळलं, "आला!" आणि अख्खं समाजमंदिर उठलं. आत्यानं दोन परकी पोरं उचलली, मामांनी एका म्हातारीला, बाबांनी आईला दंडाला धरलं, आणि सगळ्यांच्या पुढे कोण पळत होतं? मी! माझाच आवाज, माझाच सिनेमा, आणि मीच पहिली मैदानात. चप्पल एक आत राहिली. सगळे मोकळ्यावर उभे, धापा टाकत, एकमेकांना मोजत. जमीन काही हलेना. आत आवाज थांबला आणि पडद्यावर एक मोठा कान आला.

मग लोकांना समजलं. काहीजण हसत सुटले, काहीजण भडकले. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्कल गहाण टाकली होतीस का? या लोकांना हा आवाज ऐकवतात?" मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, आणि लगेच वाटलं की इथं तसलं काही मनातही आणू नये. तेवढ्यात आत्याची किंकाळी आली, "तनू! तनू कुठंय?"

पायरी रिकामी होती. आम्ही आत धावलो. पडद्यावर चिकू फांदीकडे निघाले होते, निळा उजेड सगळ्या रिकाम्या सतरंज्यांवर पडला होता, आणि सगळ्यात पुढच्या सतरंजीवर, पत्र्याखाली, एकटी तनू मांडी घालून बसली होती. आत्या तिच्यावर झेपावली, गदागदा हलवून म्हणाली, "तू पळाली का नाय गं? का नाय पळाली?"

"कशाला पळू? तो मी केलेला आवाज हाय," तनू म्हणाली. "पुढं जागा रिकामी झाली म्हनून पुढं आले. तुम्ही सगळे कुठं गेलेला?"

मामा तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. त्यांना आनंद झाला होता की भीती वाटत होती ते त्यांनाच कळत नसावं. मग आत्यानं विचारलं, "आणि उद्या खरा आला तर? तेव्हापन अशीच बसून राहशील?" कारण खरंच, मी काय करून ठेवलं होतं? पळायला शिकलेल्या पोरीला मी बसायला शिकवलं होतं का?

तनूनं आत्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. जरा कीव करत. "ताई, तुझ्यात भांडीच नाय वाजली. खरा येतो तेव्हा आधी खालून गुरगुरतो, मग मांडणीवरची भांडी वाजतात, बारीक, वाटीवर वाटी. मग आपन हलतो. इथं नुसती गुरगुर. मग मी कशाला पळू? भांडी वाजली असती तर पळाले असते ना." आई माझ्या मागे होती. ती हळूच म्हणाली, "बघ. सुरुवात नीट ऐकली की सगळं कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तनू स्वतःच माझ्या मागे लागली. आवाज अपुरा आहे, भांडी घालायला हवीत, आणि ती आमच्याच मांडणीची हवीत, दुसऱ्या कुणाची नकोत. मी फोन घेऊन आत गेले. आत चूल नुकतीच विझलेली, लिंपलेल्या कुडाचा ओला वास, वाट्यांवर दारातून आलेलं ऊन. तनू बाहेर उंबऱ्याशी, कडी धरून उभी, अगदी आमच्या शेवटच्या चित्रातल्यासारखी. मी मांडणीला धक्का दिला. भांडी खणखणली.

"तसं नाय, ताई. ते मांजर पडल्यासारखं वाजलं."

मी हळू हलवली.

"आता काहीच नाय वाजलं."

मी दोन्ही हातांनी धरून थरथरवली. एक ताट घसरून माझ्या पायावर आलं आणि मी कळवळून ओरडले. "नाय गं! नाय! तसं नाय!" तनू चिडून ओरडली, तिनं कपाळाला हात लावला, आणि दोन ढांगांत उंबरा ओलांडून आत आली. मला बाजूला ढकललं. मांडणीच्या खांबाला तळवा टेकवला, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली, आणि बोटांनी नुसता एक थरकाप दिला. आधी वरच्या वाट्या वाजल्या, अगदी बारीक. मग पेले. मग ताटांच्या कडा एकमेकांना लागल्या. आणि सगळ्यात शेवटी, खालून, हंड्यातलं पाणी. मी आयुष्यात पुढे कितीतरी महागड्या स्टुडिओत बसले, पण त्याहून खरा आवाज मी ऐकलेला नाही. मी श्वाससुद्धा घेत नव्हते.

भांडी वाजलेली ऐकून बाहेर एकदम धावपळ उडाली. शेजारची घरं सोडून लोक पळाल्याचा आवाज, कुणाचीतरी बादली कलंडली, कोंबड्या ओरडल्या, आणि त्या सगळ्यावर आत्याचा आवाज, "तनू! तनू, बाहेर ये!" मामा अर्ध्यात टाकलेल्या विडीसह अंगणात उभे. आत्या दारापर्यंत पळत आली आणि तिथंच थिजली. तिची पोरगी घरात होती, छपराखाली, मांडणीला हात लावून.

"अगं मीच हाय ती!" तनू आतून ओरडली. मग मागे वळून तिनं दारातल्या आईकडे, अंगणातल्या बापाकडे आणि त्यांच्यामागे जमलेल्या सगळ्या पाड्याकडे रागानं पाहिलं, कारण त्यांच्या आरड्याओरड्यानं आमचं रेकॉर्डिंग वाया गेलं होतं.

"आता गप बसा सगळे. परत करायचंय."

आणि अख्खा पाडा गप्प बसला.